दोन ठिणग्यांचे इंजिन : रोटरी मोटारींतील इग्निशन कॉइल आणि तिच्या दोषनिदानाचा इतिहास

पिस्टनाऐवजी त्रिकोणी आकाराच्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर, चालणाऱ्या इंजिनाचा इतिहास बहुधा त्याच्या सीलांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे आणि त्याला सबळ कारणही आहे. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले इंजिन एनएसयू या कंपनीने १९५७ मध्ये चालवून दाखवले. पुढे हिरोशिमाच्या टोयो कोग्यो या कंपनीने, जी माझदा या नावाने ओळखली जाते, १९६१ मध्ये करार करून ते तंत्र मिळवले, तेव्हा रोटरच्या तीन टोकांवरील पट्ट्या, म्हणजेच सील, कंप पावून आतील भिंतीवर ओरखडे पाडतात, हा प्रश्न केनिची यामामोतो यांच्या संशोधन विभागापुढे उभा राहिला. त्या ओरखड्यांना तेथील अभियंते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्र पदार्थाच्या पट्ट्या वापरून तो प्रश्न आटोक्यात आला आणि ३० मे १९६७ रोजी दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. मात्र ज्यांना या मोटारी रोज चालवायच्या आणि दुरुस्त करायच्या होत्या, त्यांच्या दृष्टीने ठिणगीचा प्रश्न सीलांइतकाच जुना होता. तो इतिहासात मागे पडला, कारण या इंजिनात ठिणगीचा दोष स्वतःला लपवतो आणि अनेकदा सीलांच्या माथी मारला जातो.

या लपवाछपवीचे मूळ इंजिनाच्या रचनेत आहे. पिस्टनाच्या इंजिनात ज्वलन एका आटोपशीर पोकळीत होते. रोटरी इंजिनात मात्र इंधन आणि हवेचे मिश्रण रोटरची बाजू व बाहेरची भिंत यांच्यामधल्या लांबट, चपट्या आणि सतत पुढे सरकणाऱ्या जागेत दाबले जाते. एका ठिकाणी पेटलेली ज्योत प्रवाहाबरोबर पुढे सहज पसरते, पण मागच्या टोकापर्यंत पोहोचण्यास तिला वेळ लागतो, म्हणून माझदाने प्रत्येक रोटरसाठी ठिणगी देणारे दोन प्लग ठेवले. फिरण्याच्या दिशेने पुढे असलेल्या प्लगला लीडिंग, तर मागच्याला ट्रेलिंग म्हणतात. सर्वसाधारणपणे लीडिंग प्लग आधी पेटतो आणि ट्रेलिंग काही अंशांनी नंतर. ज्वलनाचे मुख्य काम पहिला करतो, उरलेले दुसरा पूर्ण करतो. याचाच परिणाम असा, की ट्रेलिंग ठिणगी पूर्ण बंद पडली तरी गाडी सुरू होते, रस्त्याने धावते, फक्त जोर थोडा कमी होतो आणि इंधन जास्त लागते. या लक्षणांचा दोष चालक पेट्रोलला, चढाला किंवा गाडीच्या वयाला देऊ शकतो.

कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टच्या दाबाचे रूपांतर हजारो व्होल्टमध्ये करणारे उपकरण. तिच्या आतल्या पहिल्या वेटोळ्यात करंट वाढू द्यायचा आणि तो अचानक तोडायचा, की दुसऱ्या, असंख्य फेऱ्यांच्या वेटोळ्यात प्लगच्या टोकांमधली फट ओलांडण्याइतका दाब निर्माण होतो. रोटरी इंजिनात हे काम विलक्षण वेगाने करावे लागते. मुख्य शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटरचे एक ज्वलन होते, तर चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरचे ज्वलन दोन फेऱ्यांतून एकदाच होते. म्हणजे त्याच वेगाला रोटरी इंजिनाच्या प्लगला दुप्पट ठिणग्या द्याव्या लागतात. मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर हा आकडा सेकंदाला १५० भरतो. दोन ठिणग्यांमधला वेळ सात मिलिसेकंदांहूनही कमी उरतो आणि कॉइलला तेवढ्यात भरून घ्यावे लागते. त्यातून निर्माण होणारी उष्णता, तिच्या भरीला इंजिनाची स्वतःची धग, यांमुळे वेटोळ्यांवरचे विद्युतरोधक आवरण हळूहळू निकामी होते.

माझदाच्या आरएक्स-७ या मोटारीच्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९७८ पासून, निदान तुलनेने सोपे होते. लीडिंग आणि ट्रेलिंग अशा दोन कॉइल डोळ्यांसमोर असत, एकाच डिस्ट्रिब्युटरमधून, म्हणजे कॉइलचा दाब आळीपाळीने वाटणाऱ्या भागातून, चारही प्लगांकडे वायर जात, आणि संशय आला की कॉइलची अदलाबदल करून पाहता येई : ट्रेलिंगच्या जागी ठेवलेली कॉइल खराब असेल तर गाडी कशीबशी का होईना चालत राही, पण तीच लीडिंगच्या जागी लावताच इंजिन अडखळू लागे. १९८६ सालच्या दुसऱ्या पिढीत डिस्ट्रिब्युटर गेला. दोन्ही रोटरांच्या लीडिंग प्लगांना एकच कॉइल एकाच वेळी ठिणगी देऊ लागली, त्यांपैकी एक ठिणगी प्रत्येक वेळी वाया जात असे. ट्रेलिंगसाठी मात्र स्वतंत्र कॉइल होत्या. या गाडीत फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याला संकेत ट्रेलिंगच्या बाजूने मिळत असल्यामुळे काटा मेला, की जाणकार मेकॅनिक डॅशबोर्ड उघडण्याआधी ट्रेलिंग कॉइल पाहत असे. निदानाची ही युक्ती रचनेतून आपोआप मिळालेली होती, आणि तिच्याइतकी सोयीची खूण पुढे आरएक्स-८ मध्ये राहिली नाही.

२००३ मध्ये आलेल्या आरएक्स-८ मध्ये प्रत्येक प्लगला स्वतंत्र, अशा चार सारख्या कॉइल होत्या. ही प्रगतीच होती, पण कॉइल खराब होणे हे या गाडीचे सर्वपरिचित दुखणे ठरले आणि गाडीतल्या संगणकानेही पूर्ण साथ दिली नाही. ज्वलन चुकल्याची, म्हणजे मिसफायरची, नोंद तो पी ०३०१ किंवा पी ०३०२ अशा सांकेतिक क्रमांकाने करतो. तो क्रमांक रोटर सांगतो, त्या रोटरच्या दोन प्लगांपैकी कोणता चुकला ते सांगत नाही. कमकुवत ठिणगीमुळे न जळलेले इंधन धुराच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो अतितप्त होऊन वितळतो, धुराची वाट तुंबते आणि ती उष्णता मागे फिरून सीलांवर येते. स्वस्त कॉइलपासून सुरू झालेला बिघाड अशा रीतीने महागड्या इंजिनापर्यंत पोहोचतो, आणि शेवटी उघडलेल्या इंजिनात दिसतात ती फक्त खराब झालेली सील. अमेरिकेत माझदाने २००४ ते २००८ या वर्षांच्या आरएक्स-८ साठी इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती. अशा प्रकरणांत मूळ दोष सीलांचा की ठिणगीचा, हे इंजिन उघडल्यावर ठरवणे अवघडच असते.

या अनुभवातून मालकांनी आणि मेकॅनिकांनी तपासणीचा स्वतःचा क्रम बसवला. आधी प्लग आणि वायर, मग जागा बदलून एकेक कॉइल : कॉइल दुसऱ्या रोटरवर नेल्यावर सांकेतिक क्रमांकही बदलला, तर दोष तिचाच. सीलांची स्थिती सांगणारी कॉम्प्रेशनची चाचणी त्यानंतर, आणि तीही रोटरीसाठी बनवलेल्या यंत्राने, कारण साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच दाब दाखवतो. काहींनी मूळ कॉइल काढून जनरल मोटर्सच्या व्ही-८ इंजिनांतील अधिक दमदार कॉइल बसवल्या. आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. ज्यांच्याकडे ही गाडी आजही आहे, त्यांनी तिच्या कॉइल प्लगांप्रमाणेच ठरावीक काळाने बदलायच्या वस्तूंमध्ये धराव्यात आणि त्या तपासल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये.