आजोबांच्या भाकरीत कार्ब किती होते?

छत्रपती संभाजीनगरमध्ये आहाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आपल्या आजोबांना कुठं होती शुगर?" गंमत म्हणजे वाद घालणारे दोघंही हेच वाक्य वापरतात. एक म्हणतो, "आजोबा भाकरी खायचे, काही झालं नाही. लो-कार्ब हे परदेशी खूळ आहे." दुसरा म्हणतो, "आजोबा कुठं ब्रेड, बिस्किट, मैदा खायचे? ते लो-कार्बच होतं." आजोबा बिचारे दोन्हीकडून साक्षीला.

संशोधनाची तयारी करत असाल तर इथंच थांबा. हे वाक्य आहाराबद्दल वाटतं, पण तो भूतकाळाबद्दलचा दावा आहे. भूतकाळाबद्दलचा दावा म्हटला की तो तपासता येतो. "लो-कार्ब माझ्यासाठी योग्य आहे का?" हा प्रश्न डॉक्टरांकडे न्यायचाच आहे, पण त्याआधी आजोबांची साक्ष आपण तपासून घेऊ.

पहिली पायरी : शब्दाचा अर्थ

अभ्यासांमध्ये लो-कार्ब म्हणजे साधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं, किंवा एकूण उष्मांकाच्या 26 टक्क्यांहून कमी. कीटो त्याहून कडक, 20 ते 50 ग्रॅम.

आता भाकरी मोजू. मध्यम आकाराच्या भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं असं धरा (घरी वजनकाट्यावर पीठ ठेवून बघा, मजा येते). शेतावर राबणारा माणूस दिवसाला सहा भाकरी खातो असं समजलं, तर नुसत्या भाकरीतून अडीचशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं जातात. डाळ, गूळ, चहातली साखर वेगळी. म्हणजे भाकरीवर जगणारे आजोबा लो-कार्ब नव्हते. हा मुद्दा इथं मिटला.

इथं एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 72 ग्रॅम कर्बोदकं दिसतात, तर 2017 च्या तक्त्यात सुमारे 68. ज्वारी बदलली का? फरकाचं मोठं कारण मोजण्याची पद्धत हे आहे. जुन्या पद्धतीत तंतूंचा थोडाच भाग पकडला जायचा, दीड-दोन ग्रॅम. नव्या पद्धतीत तेच तंतू 10 ग्रॅमच्या आसपास येतात, आणि तेवढे कर्बोदकांच्या हिशोबातून बाहेर जातात. दोन काळातले आकडे शेजारी ठेवण्याआधी ते कसे मोजले हे विचारायचं, ही सवय आजच लावून घ्या.

दुसरी पायरी : कोणाचे आजोबा?

"आपले आजोबा" म्हणजे नक्की कोण? शहरातल्या लग्नात नान-खलिया खाणारे? गुलमंडीवर दुकान चालवणारे? की पैठण-गंगापूरकडे दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जाणारे? तिघांची ताटं वेगळी. आपण आठवणीतलं एक ताट उचलतो आणि ते अख्ख्या मराठवाड्याला वाढतो.

शिवाय "शुगर नव्हती" हे कळलं कसं? रक्त तपासलंच नाही तर शुगर सापडणार कुठून? 1951 च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. तरीही ज्या वयात टाईप-2 मधुमेह दिसतो त्या वयापर्यंत बरेच जण पोचतच नव्हते. आपल्याला आठवतात ते नव्वदीपर्यंत काटक राहिलेले आजोबा. जे चाळिशीत गेले त्यांच्याबद्दल घरात कोणी फारसं बोलत नाही. याला संशोधनात "वाचलेल्यांचा पक्षपात" म्हणतात.

तिसरी पायरी : जुन्या ताटाची दुसरी बाजू

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी पेलाग्राचा इतिहास वाचावा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा आजार. त्वचा काळवंडते, सोलते, जुलाब होतात, पुढे मनावर परिणाम होतो. जगभर तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा आजार म्हणून माहीत होता. दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. ल्युसिनच्या सिद्धांतावर नंतर बरीच उलटसुलट चर्चा झाली. पण मूळ निरीक्षण राहतंच. हा आजार जडला तो ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय फारसं काही नव्हतं त्यांना. म्हणजे दोष एकट्या भाकरीचा नव्हता. भाकरीशेजारच्या रिकाम्या जागेचाही होता.

मग 1972 चा दुष्काळ. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "मिलो" आणि "सुकडी" हे दोन शब्द लगेच निघतील. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर मिळणारा कोरडा खाऊ. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. पोटात धान्य, तेही बेताचं, आणि दिवसभर उन्हात घण.

योगायोग बघा. त्याच 1972 मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचं लो-कार्ब आहारावरचं पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. एकाच वर्षी एकीकडे ब्रेड कसा टाळावा याचं पुस्तक, दुसरीकडे मिलोसाठी रांग.

लो-कार्बची वंशावळ त्याहून जुनी आहे. लंडनमधले विल्यम बँटिंग हे अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक. त्यांनी 1863 मध्ये लठ्ठपणावर एक पुस्तिका काढली. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्यानं ब्रेड, साखर, बिअर, बटाटे सोडले आणि वर्षभरात 202 पौंडांवरून 156 पौंडांवर आलो, असा त्यांचा अनुभव. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला "बांटा" म्हणतात, ते याच आडनावावरून. बँटिंग खात्यापित्या घरचे, वजनदार गृहस्थ होते. हा उपाय जन्मला तो अशा शरीरासाठी. 1972 मध्ये खडी फोडणाऱ्या शरीराला तो सांगणं क्रूरपणा ठरला असता. मग आज त्याच्या नातवाला सांगावा का?

चौथी पायरी : नातवाचं शरीर

नातू वाळूजला कंपनीत आहे. 1980 च्या दशकात वाळूज एमआयडीसी उभी राहिली, बजाजचा कारखाना आला, आणि एका पिढीत हजारो घरांचं काम शेतातून शिफ्टमध्ये गेलं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यानं ज्वारी मागे पडली. चहा वाढला, साखर वाढली, चालणं कमी झालं. ताटातला धान्याचा वाटा मोठाच राहिला. ते धान्य जाळणारं काम तेवढं गेलं.

यात शरीराचाही इतिहास मिसळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं सरासरी 2.7 किलोची जन्मतात, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीनच्या आसपास. पण आपल्या बाळांमध्ये कमी असतो तो मुख्यतः स्नायू, चरबी त्या मानानं टिकून असते. आईच्या, आजीच्या पिढीतलं कुपोषण नातवाच्या शरीरात असं उतरतं, असं ही संशोधनाची धारा सांगते. म्हणून "मी तर बारीक आहे, मला काय शुगर होणार" हे आपल्याकडे धोक्याचं वाक्य आहे.

थोडक्यात, आजोबांची साक्ष बाद. ते लो-कार्ब नव्हते, म्हणून लो-कार्बवाल्यांच्या कामाचे नाहीत. त्यांचं काम आणि त्यांची भूक आपल्याकडे नाही, म्हणून भाकरीवाल्यांच्याही कामाचे नाहीत.

पाचवी पायरी : आजचा पुरावा

आपल्या भागात हा विषय घरोघरी नेला तो दीक्षित डाएटनं. डॉ. श्रीकांत जिचकार यांची मांडणी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मराठवाड्यात अध्यापन करता करता गावोगावी पोचवली : दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. समोर ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं होतं की थोडं थोडं, वेळेवर आणि आपलं स्थानिक अन्न खा. व्हॉट्सॲपवर दोन तट पडले. नीट वाचा, दीक्षित डाएट हा मुळात "किती वेळा खावं" याबद्दल आहे, लो-कार्ब हा "काय खावं" याबद्दल. बरेच लोक दोन्ही एकच समजतात. तुम्ही तुलना करणार असाल तर आधी हे वेगळं करा.

अभ्यास काय म्हणतात? 2021 मध्ये 'बीएमजे'मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. टाईप-2 मधुमेहात लो-कार्बवाल्यांची शुगर सहा महिन्यांत आटोक्यात येण्याचं प्रमाण जास्त होतं, बारा महिन्यांनी हा फायदा बराच ओसरला. वजनाबाबत 2018 चा 'डाएटफिट्स' हा 609 जणांचा प्रयोग : वर्षभरात लो-फॅट गटाचं सरासरी 5.3 किलो आणि लो-कार्ब गटाचं 6 किलो वजन घटलं, म्हणजे ठळक फरक नाही.

आणि आपल्या देशातला आयसीएमआर-इंडियाब अभ्यास. भारतीयांच्या उष्मांकातले सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के. 2025 च्या त्यांच्या निबंधातली एक गोष्ट भाकरीप्रेमींनी वाचायलाच हवी : एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसता पांढऱ्या धान्याऐवजी गव्हाचा किंवा भरडधान्याचा आटा घेतला, तर धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा प्रथिनांना दिला तेव्हा तो कमी दिसला. याच गटाच्या 2022 च्या निबंधात मधुमेह मागे वळवण्यासाठी कर्बोदकं 49 ते 54 टक्के सुचवली आहेत. म्हणजे 62 वरून पन्नासच्या घरात, कीटोपर्यंत नाही. ताटात सांगायचं तर चारातली एक भाकरी कमी, तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ, जाडसर वरण, अंडं किंवा दही.

मग तुमचं काय?

चरकसंहितेत प्रमेहाचे रुग्ण दोन प्रकारचे सांगितलेत, स्थूल आणि कृश. स्थूलाला शोधन, कृशाला पोषण. उपचार एकाच्या अगदी उलट दुसरा. नाव एकच, माणसं दोन. हा विचार आजही घ्या आणि स्वतःला हे विचारा :

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे का? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना अचानक भाकरी-भात बंद केला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी असेल तर कडक लो-कार्बमध्ये रक्तात आम्ल साठण्याचा, म्हणजे कीटोॲसिडोसिसचा धोका असतो. इथं आधी डॉक्टर, मग डाएट. घाटीच्या ओपीडीत दाखवा नाहीतर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, पण दाखवा. घरात आई-वडिलांनी व्हिडिओ बघून असं काही सुरू केलं असेल तर हा परिच्छेद आजच त्यांना वाचून दाखवा.

किडनीचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणं, टाईप-1 मधुमेह, किंवा खाण्यावरून मनाची ओढाताण झाल्याचा इतिहास आहे का? असेल तर स्वतःच्या मनानं काहीच नको.

कंबर आणि एचबीए1सी किती? नुसतं वजन बघू नका, याज्ञिकांचा फोटो आठवा.

आणि शेवटचं, वर्षभर जमेल का? मेसमध्ये चपाती-भात हेच पोटभरीचं आणि स्वस्त असतं. पनीर-बदामाचा खर्च फेलोशिपमध्ये बसतो का, लिहून काढा. सहा महिन्यांचा फायदा बाराव्या महिन्यात का ओसरला असेल, याचं एक उत्तर त्या कागदावर सापडेल.

या विषयावर खरंच संशोधन करायचं असेल तर साधनं आहेत : 1884 चं औरंगाबादचं गॅझेटिअर, एस. केशव अय्यंगारांची 1929-30 ची हैदराबाद संस्थानातली आर्थिक पाहणी, 1972 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरोचे अहवाल, नमुना पाहणीचे उपभोग-खर्चाचे तक्ते. आणि दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जाल तेव्हा "तुम्ही काय खायचात?" एवढ्यावर थांबू नका. "किती मिळायचं, घरात शेवटी कोण जेवायचं, आणि दिवसभर काम काय असायचं?" हेही विचारा. बहुतेक घरांत शेवटी जेवणारी आजी असते, आणि या सगळ्या वादात तिचं नाव अजून कोणी घेतलेलं नाही.