एका आरमारी वीराची दोन दफने

अमेरिकेच्या आरमाराचा इतिहास जेथून सांगितला जातो, तेथे जॉन पॉल जोन्स हे नाव येतेच. या पुरुषाचे दफन दोनदा झाले. पहिले २० जुलै १७९२ रोजी पॅरिसमध्ये, परदेशी प्रॉटेस्टंटांसाठी राखून ठेवलेल्या सेंट लुई दफनभूमीत. दुसरे २६ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकेतील अनॅपोलिस येथे, नौदल अकादमीच्या प्रार्थनामंदिराखालील तळघरात. या दोन दफनांमधला एकशेवीस वर्षांचा काळ इतिहासाइतकाच वाङ्मयाचाही विषय आहे. देह हरवलेला होता त्या काळात या वीराला सांभाळले ते लेखकांनी. आणि सांभाळता सांभाळता त्याच्यात पदरची भर घातली तीही लेखकांनीच.

जोन्सचा जन्म ६ जुलै १७४७ रोजी स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आर्बिगलंड येथे झाला. बाप एका जमीनदाराच्या बागेचा माळी. मुलाचे मूळ नाव जॉन पॉल एवढेच. तेराव्या वर्षी तो व्हाइटहेवन बंदरातील एका व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून दाखल झाला. पुढे काही काळ त्याने गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरही काम केले व त्या व्यापाराचा वीट येऊन ते सोडून दिले. १७७३ मध्ये टोबॅगो बेटावर पगाराच्या तंट्यावरून खलाशांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या म्होरक्याला त्याने तलवारीने ठार केले, आणि खटल्याच्या भीतीने तो व्हर्जिनियात पळून आला. ‘जोन्स’ हे आडनाव त्याने त्यानंतर धारण केले. म्हणजे ज्या नावाने इतिहास त्याला ओळखतो, ते नावच मुळी एका पलायनातून जन्मले आहे.

अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचलले आणि या फरारी कप्तानाला देश मिळाला. डिसेंबर १७७५ मध्ये नव्या आरमारात त्याची लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली. एप्रिल १७७८ मध्ये ‘रेंजर’ या जहाजावरून त्याने व्हाइटहेवनवरच छापा घातला. ज्या बंदरात तो समुद्र शिकला, त्याच बंदरातील गलबतांना आग लावण्याचा तो प्रयत्न होता. त्याच मोहिमेत त्याच्या माणसांनी लॉर्ड सेलकर्कच्या वाड्यातून चांदीची भांडी उचलून आणली. जोन्सने पुढे ती स्वतः विकत घेऊन सेलकर्क कुटुंबाकडे परत पाठवली. चाचेगिरी आणि सभ्यपणा यांचे हे विलक्षण मिश्रण त्याच्या चरित्रात पुन्हापुन्हा आढळते. इंग्लंडने त्यातले पहिले तेवढे पाहिले आणि त्याला चाचा ठरवले.

त्याच्या कीर्तीचा दिवस २३ सप्टेंबर १७७९. त्या वर्षाच्या आरंभी, जानेवारीत, सह्याद्रीच्या माथ्यावर वडगाव येथे इंग्रजांना मराठ्यांशी मानहानीचा तह करावा लागला होता. वर्ष सरत असताना इंग्लंडच्या स्वतःच्याच पूर्व किनाऱ्यावर, फ्लँबरो हेडच्या कड्यांसमोर, चांदण्या रात्री हे युद्ध झाले. जोन्सचे जहाज ‘बॉनॉम रिशार’ हे मुळात पूर्वेच्या व्यापारासाठी बांधलेले जुने फ्रेंच जहाज होते. त्याला हे नाव मिळाले ते बेंजामिन फ्रँकलिनच्या ‘पुअर रिचर्ड’ या पंचांगाच्या फ्रेंच नावावरून. युद्धनौकेला एका पुस्तकाचे नाव असावे, ही गोष्ट जोन्सच्या पुढील वाङ्मयीन आयुष्याची नांदीच म्हणावी लागेल. समोर होते पिअर्सन या कप्तानाचे ‘सेरापिस’, वेगाने आणि तोफांच्या बळाने सरस. युद्धाच्या आरंभीच जोन्सच्या जहाजावरील काही जुन्या तोफा फुटल्या. तेव्हा दूर राहून लढण्यात अर्थ नाही हे ओळखून त्याने दोन्ही जहाजे एकमेकांना दोरखंडांनी जखडून टाकली. साडेतीन तासांच्या झुंजीनंतर पिअर्सनने निशाण उतरवले. परंतु जिंकणाऱ्याचे जहाजच बुडू लागले होते. दोन दिवसांनी ‘बॉनॉम रिशार’ला जलसमाधी मिळाली आणि जोन्स जिंकलेल्या ‘सेरापिस’वरून पुढे गेला.

फ्रान्समध्ये त्याचे कौतुक झाले. सोळाव्या लुईने सोन्याची तलवार दिली. उदाँ या थोर शिल्पकाराने त्याचा अर्धपुतळा घडवला. तथापि युद्ध संपताच अमेरिकेने आपले आरमार मोडीत काढले आणि वीराला काम उरले नाही. १७८८ मध्ये तो रशियाच्या कॅथरीन राणीच्या चाकरीत काळ्या समुद्रावर तुर्कांविरुद्ध लढला. तेथे पोटेमकिनशी त्याचे बिनसले. पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्याने तो नाकारला, पण त्या डागासह त्याला रशिया सोडावा लागला. पॅरिसमध्ये त्याची अखेरची दोन वर्षे एकाकीपणात गेली. कार्लाइलने आपल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात या विझत चाललेल्या माणसाची ओझरती आठवण ठेवली आहे. १८ जुलै १७९२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. अल्जिअर्समध्ये अडकलेल्या अमेरिकन कैद्यांच्या सुटकेसाठी त्याला वकील नेमल्याचा हुकूम वॉशिंग्टनच्या सरकारने काढला होता. तो पॅरिसला पोचला तो त्याच्या मृत्यूनंतर.

अमेरिकेचा पॅरिसमधील राजदूत मॉरिस याने अंत्यविधी साधेपणाने व कमी खर्चात उरकावा असे सुचवले; तो स्वतः दफनालाही गेला नाही. फ्रेंच विधिमंडळाने मात्र आपले शिष्टमंडळ पाठवले. सिमोनो नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने ४६२ फ्रँकांचा खर्च पदरचा केला. देह मद्यार्कात राखून शिशाच्या पेटीत बंद करण्यात आला. हेतू असा की, अमेरिकेने कधी आपल्या वीराची मागणी केलीच, तर त्याला नेणे सोपे जावे. त्या मागणीला शंभरांहून अधिक वर्षे लागली. दरम्यान दफनभूमी बंद पडली, जमीन विकली गेली, तिच्यावर घरे उठली आणि खूण पुसली गेली.

या विस्मृतीच्या काळात जोन्स जगला तो कागदावर. फेनिमोर कूपरच्या ‘द पायलट’ (१८२४) या कादंबरीत तो खरे नाव लपवणारा एक गूढ वाटाड्या म्हणून येतो. ड्यूमाने त्याला नायक करून ‘ले कापितेन पॉल’ (१८३८) लिहिली. वॉल्ट व्हिटमनने ‘साँग ऑफ मायसेल्फ’ (१८५५) या दीर्घ कवितेत फ्लँबरो हेडचे युद्ध सांगितले, पण कप्तानाचे नाव घेतले नाही. त्याच वर्षी हर्मन मेलव्हिलने ‘इझ्राएल पॉटर’मध्ये त्याला नावानिशी उभे केले आणि त्याच्या सुसंस्कृत पेहरावाआड दडलेला रानटीपणा दाखवून तो आरसा खुद्द अमेरिकेसमोर धरला. निनावी थडग्यात पडलेला हा माणूस कूपर आणि व्हिटमन यांच्याकडेही निनावीच राहिला, आणि ज्याने नाव दिले त्याने त्यासोबत न्यायनिवाडाही केला, हे येथे ध्यानात घ्यावे.

१८९९ मध्ये फ्रान्समधील अमेरिकन राजदूत होरेस पोर्टर याने शोध हाती घेतला. जुने नकाशे, दफनाच्या नोंदी आणि पत्रे तपासून त्याने जागा निश्चित केली. फेब्रुवारी १९०५ मध्ये घरांखाली भुयारे खणण्यास प्रारंभ झाला. तेथे पाच शिशाच्या पेट्या मिळाल्या, त्यांतील तिसरी जोन्सची ठरली. देह आश्चर्यकारकरीत्या टिकलेला होता. वैद्यांनी मस्तकाची मापे उदाँच्या अर्धपुतळ्याशी ताडून पाहिली. मूत्रपिंडांत व फुप्फुसांत त्याच्या अखेरच्या दुखण्याशी जुळणाऱ्या खुणा आढळल्या. मग थिओडोर रूझवेल्टने युद्धनौका पाठवल्या. बलाढ्य आरमार उभारण्याचा त्याचा ध्यास होता आणि त्या आरमाराला एक पूर्वज हवा होता. २४ एप्रिल १९०६ रोजी अनॅपोलिस येथे मोठा समारंभ झाला. परंतु समाधीसाठी पैसा मंजूर होण्यास विलंब लागला आणि तोवर ही शवपेटी छात्रांच्या निवासी इमारतीत जिन्याखाली ठेवलेली होती.

अस्थींची परीक्षा एवढ्या कसोशीने झाली; शब्दांची तशी झाली नाही. शरणागतीच्या पृच्छेला ‘मी अजून लढायला सुरुवातच केलेली नाही’ असे उत्तर जोन्सने दिले, हे अमेरिकेत मुलांनाही ठाऊक असते. पण हे वाक्य या रूपात प्रथम छापले गेले ते १८२५ मध्ये, शेरबर्नच्या चरित्रात, त्याच्या एका सहकारी अधिकाऱ्याच्या आठवणीवरून. युद्धाला तेव्हा शेहेचाळीस वर्षे उलटली होती. त्याहून गंभीर प्रकार ऑगस्टस ब्यूएलचा. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रात कित्येक पत्रे व प्रसंग बनावट होते. आरमारी अधिकाऱ्याच्या गुणांविषयीचा त्यातला एक उतारा अकादमीच्या छात्रांच्या पिढ्यांनी जोन्सचा म्हणून पाठ केला. वस्तुतः तो ब्यूएलने रचलेला होता. पोर्टर पॅरिसमध्ये खरा देह शोधत होता, त्याच सुमारास त्याच्या देशात खोटी वाणी घरोघर पोचत होती. कादंबरीकाराने कल्पना केली तर ती कल्पना म्हणून ओळखू येते. चरित्रकाराने केली तर ती पुरावा होऊन बसते. कूपर किंवा ड्यूमा यांनी जोन्सचे जे केले नाही, ते ब्यूएलने केले.

हा प्रश्न परका नाही. कान्होजी आंग्रे यांनाही इंग्रजी कागदपत्रे चाचाच म्हणत आली. मराठ्यांचे सरखेल, कोकण किनाऱ्यावर दस्तकाचा अधिकार चालवणारे, १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांची कुलाब्यावरील संयुक्त स्वारी परतवून लावणारे कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. येथेही शत्रूच्या शिवीतून वीराला सोडवणे हे अर्धे काम. स्तुतीच्या भरात चिकटलेल्या आख्यायिकांतून त्याला सोडवणे हे उरलेले अर्धे. पहिले काम स्वातंत्र्याने सोपे केले. दुसरे अभ्यासकालाच करावे लागते, आणि त्याबद्दल त्याचा सत्कार होत नाही.

जोन्सच्या बाबतीत ते काम सॅम्युएल एलियट मॉरिसन या इतिहासकाराने केले. त्याचे १९५९ मधले चरित्र जोन्सचा अहंकार, चंचलपणा आणि रशियातील प्रकरण यांपैकी काही झाकत नाही. त्या चरित्राने समाधीचा एक दगडही हलला नाही. संगमरवरी शवपेटीच्या भोवती फरशीवर जोन्सच्या जहाजांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘बॉनॉम रिशार’ आहे आणि ‘सेरापिस’ही आहे. ती नावे मात्र कोणी रचलेली नाहीत.