बाटलीवरचे नाव आणि बाटलीतले प्रमाण

नोएडाला आमच्या घरी नातीचे आगमन झाले, त्यास आता काही महिने होतील. एके दिवशी मुलीने लोशनची बाटली माझ्यापुढे ठेवली. "बाबा, तुम्ही इतकी वर्षे सरकारात आहात. सांगा, हे बाळाला लावू का?" मी घटकांची यादी दोनदा वाचली, परंतु उत्तर देता आले नाही.

माझ्या आजीपुढे हा प्रश्न नव्हता. तेलात व डाळीच्या पिठात पाणी नसते, त्यामुळे जंतू सहसा वाढत नाहीत. लोशन म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात परिरक्षक नसेल तर जंतू व बुरशी वाढतात, आणि तान्ह्या बाळाला तो धोकाही लहान नसतो. म्हणून कोणता परिरक्षक, किती आणि शरीरावर कोठे, असे विचारावे लागते. युरोपीय संघाने 2014 मध्ये प्रोपिल व ब्युटिल पॅराबेनची मर्यादा खाली आणली. तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या प्रसाधनांत मात्र ती पूर्णपणे वर्ज्य केली. कारण झाकलेली, चोळवटलेली त्वचा अधिक शोषून घेते.

आपल्याकडे 1940 चा कायदा मूळचा औषधांपुरता होता. प्रसाधने त्याच्या कक्षेत आली ती 1962 च्या दुरुस्तीने. पुढे 2020 मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. बाटलीवर घटकांची यादी सक्तीची आहे, पण तिची रचना पाहावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यायचे. त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. परिरक्षक बहुधा या दुसऱ्या गटात असतात. म्हणजे आईला नाव कळते, प्रमाण कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

आणि प्रयोगशाळेचे काय होते, हे 2019 मध्ये दिसले. राजस्थानच्या औषध नियंत्रण विभागाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी शाम्पूच्या नमुन्यांत फॉर्माल्डिहाइड आढळल्याचे सांगितले. काही परिरक्षक ते हळूहळू सोडतात. असे परिरक्षक आपण वापरत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तपासणीची पद्धत व आढळलेले प्रमाण आपणास कळवलेले नाही, अशीही तिची तक्रार होती. एप्रिलमध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना विक्री थांबवण्यास कळवले. मे महिन्याच्या आरंभी, केंद्रीय प्रयोगशाळेच्या फेरतपासणीत फॉर्माल्डिहाइड आढळले नाही, असे कंपनीने जाहीर केले. सामान्य आईच्या पदरी 'आहे' आणि 'नाही' अशी दोन उत्तरे आली. आकडा एकही नाही.

विकणाऱ्यास मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्यास नाहीत, अशा बाजाराचे काय होते, हे अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडले. ते आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकलो. ही दरी बुजवणे हे शासनाचे काम. त्यासाठी बंदीच्या पत्रापूर्वी नमुन्याचा क्रमांक, तपासणीची पद्धत आणि आढळलेला आकडा प्रसिद्ध व्हावयास हवा. त्याखेरीज केलेली कारवाई भीती पसरवते किंवा फोल ठरते.

मुलीला मी इतकेच सांगितले : बिनवासाचे, थोड्या घटकांचे घे, लंगोटाच्या जागी हे लोशन लावू नकोस, मुदत पाहा, पुरळ दिसल्यास थांबव आणि डॉक्टरांना दाखव. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही." नियमांचा अर्थ लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते मान्य करावे लागले.