लॅब्रेडॉरचे दोन प्रवास

अज्ञात प्रदेशात शिरणाऱ्या प्रवाशांची कीर्ती जग त्यांच्या धैर्यासाठी गाते. त्यांनी बरोबर पीठ किती घेतले होते, कोणत्या तारखेस प्रयाण केले आणि वाट कोणास विचारली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः जिवंत परत येण्याचा संबंध धैर्यापेक्षा या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींशीच अधिक असतो. १९०३ आणि १९०५ या वर्षी लॅब्रेडॉरमध्ये जे दोन नौकाप्रवास झाले, त्यांच्या हकीकती शेजारी शेजारी ठेवल्या असता हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. दोन्ही प्रवासांचे उद्दिष्ट एक, आरंभाचे ठाणे एक, आणि वाटाड्याही एकच. पहिल्या प्रवासाचा नायक उपासमारीने मेला. दुसरा त्याच्या विधवेने तडीस नेला.

लॅब्रेडॉर हा उत्तर अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा, अटलांटिक महासागरास भिडलेला प्रदेश. त्याचा दक्षिण भाग अक्षांशाने इंग्लंडच्या ओळीत येतो. परंतु ध्रुवाकडून येणारा थंड सागरप्रवाह त्याच्या किनाऱ्याला घासून जात असल्याने हवामानात मात्र काडीचेही साम्य नाही. आतल्या सरोवरांवर जूनपर्यंत बर्फ असतो आणि सप्टेंबरात पुन्हा हिम पडू लागते. खडक, दलदली, स्प्रूस वृक्षांची अरण्ये, आणि त्यांच्यामधून मोत्यांची माळ तुटून विखुरल्याप्रमाणे पसरलेली असंख्य सरोवरे! येथे रस्ता म्हणजे पाणी आणि वाहन म्हणजे कनू.

ही कनू आपल्या कोकणच्या होडीसारखी जड नव्हे. हलक्या लाकडी सांगाड्यावर पूर्वी भूर्जाची साल आणि पुढे किंतान ताणून ती बनवीत. हलकी असणे हाच तिचा मोठा गुण, कारण प्रवासात ती जितका काळ माणसाला वाहते जवळजवळ तितकाच काळ माणसाला तिला वाहावे लागते. धबधबा आला, खळाळ आला, अथवा एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे झाले की, नाव खांद्यावर घ्यावयाची आणि सामान पाठीवर. तिकडे यास पोर्टेज म्हणतात. सामान एका खेपेत न जाता त्यास तीन खेपा लागल्या, तर एका मैलासाठी माणसाला पाच मैल चालावे लागते. तीन वेळा ओझे घेऊन आणि दोन वेळा रिकाम्या हाताने. म्हणून अशा सफरीचा बेत आखणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न असतो. शिधा अधिक घेतला तर वेग जातो आणि दिवस वाढले की तोच शिधा पुरेनासा होतो. शिधा कमी घेतला तर वेग मिळतो, परंतु मग अरण्य काय देईल त्यावर पोट सोपवावे लागते.

लिओनिडास हबर्ड याने दुसरा मार्ग पत्करला. हा तरुण न्यूयॉर्कच्या ‘आऊटिंग’ नामक मासिकाचा साहाय्यक संपादक होता. नॉर्थ वेस्ट रिव्हर या हडसन बे कंपनीच्या ठाण्यापासून मिशिकामाउ या महासरोवरापर्यंत चढून जावयाचे, तेथून जॉर्ज नदीने उत्तरेस उंगावा उपसागर गाठावयाचा, आणि वाटेत कॅरिबू हरणांचे स्थलांतर व त्यांची शिकार करणारे इनू लोक पाहावयाचे, असा त्याचा मनोरथ होता. सोबत डिलन वॉलेस हा वकील मित्र आणि जॉर्ज एल्सन. एल्सनचे पितृकुल स्कॉटिश व मातृकुल क्री. अरण्यविद्येत तो निष्णात होता खरा; परंतु तो जेम्स उपसागराकडचा, लॅब्रेडॉरची भूमी त्यालाही नवीनच.

न्यूयॉर्कहून २० जून १९०३ रोजी निघालेली ही मंडळी ठाण्यावरून प्रत्यक्ष हलली ती १५ जुलैला. एकच कनू, तीन माणसे, बेताचे धान्य. मासे धरण्यासाठी चांगले जाळे हवे होते, ते किनाऱ्यावर मिळाले नाही; जुने कुजके जाळे घेऊन काम भागविले. त्या मुलखातील माहितगार असा एकही मनुष्य नावेत नव्हता. हाती कॅनडाच्या भूगर्भ खात्याचा नकाशा होता. त्या नकाशात ग्रँड लेकच्या शिरोभागी एकच नदी मिळते असे दाखविले होते, आणि तीही तुटक रेघेने, म्हणजे ऐकीव माहितीवरून. वस्तुतः तेथे एकाहून अधिक प्रवाह येऊन मिळतात. त्यांतील मोठी ती नास्कॉपी. तिचे मुख एका बेटाच्या आड दडले आहे. हबर्डची नाव त्या मुखावरून पुढे निघून गेली आणि सुझन नावाच्या उथळ ओढ्यात शिरली. तुटक रेघेला पक्की रेघ समजण्याचा दोष केवळ त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कागदावर एकच नदी असेल तर जी दिसली तीच ती, असे कोणासही वाटेल.

पुढील दोन महिने ही माणसे नाव ओढीत, खडकांतून सामान वाहत चालली होती. ओझे हलके करण्यासाठी जुलैत भिजलेल्या पिठाचा एक गोळा त्यांनी वाटेतच टाकून दिला. सप्टेंबरात एका टेकडीवरून मिशिकामाउचे पाणी दूरवर चमकताना दिसले. परंतु वाऱ्याने सरोवर असे खवळले की, नाव पाण्यात घालण्याची सोय नाही. अन्न संपत आले. महिन्याच्या उत्तरार्धात हबर्डने परतण्याचा निर्णय घेतला आणि आल्या वाटेने, म्हणजे त्याच निष्फळ ओढ्याने, परतीचा प्रवास सुरू झाला. ऑगस्टमध्ये मारलेल्या कॅरिबूची हाडे आणि बुरसटलेले कातडे जुन्या मुक्कामावर पडले होते, ते उकळून ते खाऊ लागले. १८ ऑक्टोबर रोजी हबर्डला पाऊल टाकवेना. त्याला तंबूत ठेवून दोघे निघाले. कशासाठी, तर जुलैत फेकून दिलेल्या त्या पिठाच्या गोळ्यासाठी! पीठ सापडले, त्याला बुरशी आली होती. ते घेऊन वॉलेस माघारी फिरला, पण हिमवादळात त्याला तंबू काही सापडला नाही. एल्सन पुढे चालत राहिला आणि सुमारे आठवड्याने ग्रँड लेकवरील फासेपारध्यांच्या घरी पोहोचला. त्यांनी वॉलेसला वाचविले. हबर्डच्या रोजनिशीतील शेवटची नोंद १८ ऑक्टोबरचीच आहे.

मायना बेन्सन हबर्ड या मूळच्या कॅनडाच्या, व्यवसायाने परिचारिका. हबर्ड आजारी असताना रुग्णालयात त्यांची ओळख झाली आणि १९०१ मध्ये विवाह झाला. १९०५ साली वॉलेसचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या पतीचे चित्र दुबळे उतरले आहे असे त्यांना वाटले, आणि त्यांचे अपुरे कार्य स्वतः पुरे करण्याचा त्यांनी निश्चय केला. वॉलेसनेही तोच बेत केला होता. दोन्ही तुकड्यांनी २७ जून १९०५ या एकाच दिवशी ते ठाणे सोडले. वृत्तपत्रांना ही शर्यत फार रुचली. तथापि शर्यतीपेक्षा हबर्डबाईंची सामानाची यादी अधिक वाचनीय आहे.

एकोणीस फुटी दोन कनू. पीठ ३९२ पौंड, डुकराचे खारवलेले मांस २०० पौंड, साखर ६० पौंड, चहा १२ पौंड. दोन जाळी, दोन बंदुका, कोनमापक सेक्स्टंट, वायुभारमापक. माणसे चार. जॉर्ज एल्सन पुन्हा आला होता; ज्याने धन्याला तंबूत सोडून जाण्याचा प्रसंग अनुभवला, त्याने त्याच वाटेला त्याच्या पत्नीस घेऊन जावे, यात त्याच्या मनाची काय अवस्था असेल ते सांगावयास नको. जोडीला जॉब चॅपीझ आणि जोसेफ इसरहॉफ हे नावाड्याच्या कामात मुरलेले गडी, आणि चौथा गिल्बर्ट ब्लेक. हा कोवळा तरुण १९०३ च्या शोधतुकडीत होता आणि सील सरोवरापर्यंतची नास्कॉपी त्याच्या पायाखालची होती. गेल्या खेपेस ज्याची उणीव होती तो मनुष्य हाच. निघण्याची तारीखही गेल्या वेळेपेक्षा अठरा दिवस अलीकडची. लॅब्रेडॉरच्या उन्हाळ्यात अठरा दिवस म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

संकटे याही प्रवासाला चुकली नाहीत. आरंभीच एक नाव उलटून कुऱ्हाडी आणि तवे पाण्यात गेले. पण पीठ शाबूत होते, म्हणून तो अपघात केवळ अपघात राहिला. एकदा बाई कोणास न सांगता टेकडीवर चढून गेल्या, तेव्हा चौघांची अशी घाबरगुंडी उडाली की, पुन्हा असे न करण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. नदीतून केव्हा जावयाचे आणि काठाने केव्हा, हा निर्णय त्या या माणसांवर सोपवीत. मिशिकामाउ ओलांडून १० ऑगस्टला ते पाणलोटाच्या माथ्यावर पोहोचले. कॅरिबूंचे कळपच्या कळप दिसले. हबर्ड ज्यासाठी गेला होता ते त्याच्या पत्नीने पाहिले.

खरी कसोटी यापुढे होती. उंगावावर ‘पेलिकन’ हे जहाज ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात अपेक्षित होते. ते चुकले तर हिवाळा तेथेच काढावा लागणार. १७ ऑगस्टला इनू लोकांची एक वस्ती लागली. तेथील स्त्रियांनी सांगितले की, समुद्राजवळच्या ठाण्याला अजून दोन महिने लागतील. परत फिरावे की काय, हा विचार तेव्हा बाईंच्या मनात गंभीरपणे आला. मात्र तीनच दिवसांनी दुसरी वस्ती भेटली आणि तेथील लोक म्हणाले, घाईने गेलात तर पाच रात्रींची वाट! २७ ऑगस्टला ५७६ मैलांचा प्रवास संपवून त्या जॉर्ज नदीच्या ठाण्यावर उतरल्या. त्यात प्रत्यक्ष चालीचे दिवस ४३. घाई मात्र व्यर्थ ठरली, कारण जहाज ऑक्टोबरपर्यंत आलेच नाही. वॉलेस १६ ऑक्टोबरला पोहोचला. त्याने नदी सोडून इनूंची जुनी खुष्कीची वाट धरली होती, आणि त्याचे तीन सोबती मिशिकामाउहून माघारी गेले होते.

१९०८ साली हबर्डबाईंचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पतीची रोजनिशी आणि एल्सनने लिहिलेली १९०३ ची हकीकत त्यांनी शेवटी जोडली आहे. त्यांच्या नकाशाला भूगोल-संस्थांनी मान्यता दिली आणि नास्कॉपीची तुटक रेघ त्यात प्रथमच पक्की झाली. त्या १९५६ साली इंग्लंडमध्ये वारल्या. पुढे १९७० च्या सुमारास चर्चिल धबधब्यावरील वीजकेंद्रासाठी बांध घातले गेले. मिशिकामाउ सरोवर स्मॉलवुड जलाशयाच्या पोटात गेले आणि नास्कॉपीच्या उगमाकडील पाणी दुसरीकडे वळविण्यात आले. ग्रँड लेकच्या शिरोभागी, बेटाआड, नदीचे मुख मात्र तेथेच आहे.