कर्णाचा खटला, जिल्हा कोल्हापूर

कर्णाच्या खटल्याला दोन्ही बाजूंचे वकील आमच्या जिल्ह्यानं पुरवलेत. 'मृत्युंजय'वाले शिवाजी सावंत आजऱ्याचे. 'राधेय' लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. आणि फिर्यादीच्या बाजूनं उभे राहिलेले मोरोपंत जन्मले पन्हाळ्यावर, 1729 साली. रथाचं चाक रुतल्यावर कर्णाला धर्म आठवतो, तेव्हा कृष्ण त्याला जे सुनावतो, ते मोरोपंतांनी आर्येत असं बसवलं की आजही कुणी उशिरा तत्त्वाच्या गप्पा मारू लागला की घरातलं एखादं वडीलधारं माणूस ती ओळ त्याच्या तोंडावर फेकतं.

उचगावात, निदान माझ्या ओळखीच्या पोरांत, निकाल कधीच लागलाय. कर्ण आपला. 'मृत्युंजय' शेवटपर्यंत वाचलेले कमी, पण स्टेटसला कर्ण ठेवणारे भरपूर. वाद निघाला की युक्तिवाद ठरलेला असतो: स्वयंवरात द्रौपदीनं त्याला सूतपुत्र म्हणून नाकारलं, मग द्यूतसभेत तो तसा वागला तर काय चुकलं? समोरच्याचंही उत्तर ठरलेलं: अभिमन्यूला घेरून मारताना कर्ण होताच की, मग चाक काढताना त्याला मारलं तर काय बिघडलं? दोघंही 'न्याय' हा शब्द वापरतात. बोलत असतात मात्र परतफेडीबद्दल.

माझं काम सॉफ्टवेअरचं. कोडमध्ये बग सापडला की आम्ही आधी बघतो, ही ओळ नक्की कुठल्या व्हर्जनमध्ये आली. महाभारताच्या बाबतीत हेच काम पुण्याच्या भांडारकर संस्थेनं केलंय. 1919 ते 1966, म्हणजे 47 वर्षं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं जमवून शब्दाशब्दांची तुलना केली. जे बहुतेक परंपरांत सापडतं ते वर छापलं, जे मोजक्याच पोथ्यांत आहे ते तळटीपेत किंवा परिशिष्टात टाकलं. गिट माहीत असणाऱ्यांनी याला जगातला सर्वांत संयमी डिफ म्हणायला हरकत नाही. (आम्ही दोन ब्रँच मर्ज करताना एकमेकांवर ओरडतो.)

या चिकित्सित आवृत्तीत वरचे दोन्ही युक्तिवाद तपासून बघा.

स्वयंवरात द्रौपदी 'मी सूताला वरणार नाही' अशा अर्थाचं जे बोलते, ते मुख्य पाठात नाही. मोजक्या पोथ्यांत आहे, म्हणून ते बाहेर ठेवलंय. म्हणजे कर्णाच्या सूडाचं आपल्याला सर्वांत पटणारं कारणच मागाहून चिकटलेलं दिसतं. आता कर्णपर्वात या. प्रचलित पाठात कृष्णाच्या आरोपांची यादी लांबलचक आहे: भीमाला विष, लाक्षागृह, अभिमन्यू. चिकित्सित आवृत्तीत यातलं काही नाही. उरतात मोजके श्लोक, आणि आरोप फक्त द्यूताचे आणि त्या सभेचे: एकवस्त्रा द्रौपदीला सभेत आणणं, खेळ न येणाऱ्या युधिष्ठिराला शकुनीनं हरवणं, तिची अवस्था बघून कर्णाचं हसणं, पुन्हा द्यूताला बोलावणं. आणि दुःशासनाच्या रक्ताशिवाय केस बांधणार नाही, ही द्रौपदीची प्रतिज्ञा? तीही चिकित्सित आवृत्तीत नाही. ती गाजली भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकामुळे.

तिन्ही भरी एकाच बाजूला पडतात, सूडाच्या. मला वाटतं ऐकणाऱ्यांना ते हवं होतं. अपमानाला अपमान, पोराच्या बदल्यात माणूस. असा हिशोब लगेच डोक्यात बसतो.

मूळ अडचण हिशोबात बसणारी नाही. दुर्योधनाचा निरोप्या न्यायला येतो तेव्हा द्रौपदी रडत नाही. ती त्याला एक प्रश्न देऊन परत पाठवते: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला आधी हरला असेल, तर जो स्वतःच दास झालाय त्याला मला पणाला लावायचा हक्क होता का? हा सरळ कायद्याचा मुद्दा आहे आणि ती तो भरसभेत पुन्हा मांडते. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. विदुर सभेला उत्तर द्या म्हणतो. कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून सांगतो की ती जिंकली गेलेली नाही. आणि त्याला खोडून काढायला कर्ण उभा राहतो. पाच नवरे असलेल्या बाईला सभेत आणण्यात गैर काय, असं विचारतो आणि दुःशासनाला वस्त्रं काढायला सांगतो.

शेवटी धृतराष्ट्र तिला वर देतो आणि ती नवऱ्यांना सोडवून घेते. पण हे वर होते, निकाल नव्हता.

1967 साली दोन पुस्तकं आली, 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. कर्वे प्रामुख्याने चिकित्सित आवृत्ती धरून लिहितात आणि कर्णाला अजिबात सूट देत नाहीत. पण त्या द्रौपदीलाही दोष देतात: अशा वेळी पंडितासारखा कायद्याचा कीस पाडण्यापेक्षा क्षत्रियांच्या सभ्यतेला हाक द्यायला हवी होती. इथं मला बाई पटत नाहीत. दया मागितली असती तर दया मिळालीही असती, पण तिचा हक्क काय हे कुणाला ठरवावंच लागलं नसतं. तेरा वर्षांनी कृष्ण शिष्टाईला निघतो, तेव्हा हीच बाई त्याला केस दाखवून दुःशासनाचा हात तुटलेला बघायचाय म्हणते. ती सूड मागते, हे खरंच आहे. पण तिनं आधी काय मागितलं होतं आणि ते देणं कुणी टाळलं, हा क्रम आपण विसरतो.

'मृत्युंजय'मध्ये सहा जण आपापली कहाणी सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. द्रौपदी त्यात नाही. सावंतांना कर्ण उभा करायचा होता आणि तो त्यांनी असा उभा केला की अर्धशतकानंतरही पोरं त्याच्यासाठी भांडतात. ज्या कादंबरीत प्रत्येकाला आपली बाजू सांगायला मिळते, तिथं फिर्यादीलाच साक्षीला बोलावलेलं नाही, एवढं मात्र वाचताना ध्यानात ठेवा.

कर्णाच्या बाजूनं खरी जागा उद्योगपर्वात सापडते, आणि ती चिकित्सित आवृत्तीतही आहे. युद्धाआधी कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, पांडवांकडे ये म्हणतो. कर्ण नकार देतो आणि बोलता बोलता कबूल करतो की दुर्योधनाला खूश करायला आपण पांडवांना कडू बोललो, त्याचा आता पश्चात्ताप होतोय. हे ऐकायला तिथं फक्त कृष्ण असतो. आणि त्या वाक्यात द्रौपदीचा उल्लेख नाही.