शिरोवेष्टनांचे साचे

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात शेतकऱ्यांत पागोटे, तर सरकारी चाकरांत रुमी टोपी रूढ होती. पागोट्यास हत्यार लागत नाही, हातच पुरे. रुमी टोपीचा लोकरी नमदा मात्र ओलावून तापलेल्या पितळी साच्यावर दाबावा, तेव्हाच ताठ होतो. १९२५ साली तुर्कस्तानने ही टोपी कायद्याने बंद केली. १९४८ नंतर येथेही तिचा राजाश्रय सरला. टोपी पेटीत जपली जाते, पितळी साचा मोडीत वजनावर विकला जातो. म्हणून संग्राहकाने टोपीआधी साचा शोधावा, घासून उजळावा आणि जाणता कारागीर हयात आहे तोच त्याबरहुकूम नवा ओतवावा. साचा किती तापवावा, नमदा किती ओला ठेवावा, हे त्याच्या हातासच ठाऊक असते.