हृदयाची उसनी झडप

परीक्षेचा निकाल महिन्याभरांत लागतो. पण विद्यार्थी खरोखर शिकला कीं नाहीं, याचा निकाल लागावयास वीस वर्षें जावीं लागतात. शिक्षकाच्या पेशांत आलेला हा अनुभव मला शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत पुन्हां भेटला.

रक्त एकाच दिशेनें वाहावें म्हणून हृदयांत चार झडपा असतात. बाळपणीं सांधे धरणाऱ्या ज्वरानें त्या बिघडल्या, तर पुढें माणूस धापा टाकीत मरे. अमेरिकेंत ओरेगॉन राज्यांतील पोर्टलंड येथें १९५८ सालीं लोवेल एडवर्ड्‌स हे निवृत्त इंजिनिअर तरुण शस्त्रवैद्य डॉ. आल्बर्ट स्टार यांजकडे गेले. त्यांस कृत्रिम हृदयच बनवावयाचें होतें. डॉक्टरांनीं आधीं झडपेपासून आरंभ करण्याचें सुचविलें.

धातूच्या पिंजऱ्यांत सिलिकोन रबराचा चेंडू, अशी ती झडप होती. रक्ताच्या रेट्यानें चेंडू पुढें सरे व वाट मोकळी होई. रक्त मागें फिरूं लागतांच तो परत बसून वाट बंद करी. १९६० सालीं ती माणसाच्या हृदयांत बसविली. पहिला रोगी कांहीं तासांतच दगावला; दुसरा सुमारें दहा वर्षें जगला. पुढें अशा झडपा हजारोंना मिळाल्या.

परंतु कांहीं वर्षांनीं, हृदयांतून शरीरभर रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाशीं बसविलेल्या झडपांत निराळेंच दिसूं लागलें. चेंडू पिवळे पडले, फुगले, त्यांस चिरा गेल्या. कोठें चेंडू पिंजऱ्यांत अडकला, कोठें निसटला, आणि हिंडताफिरता माणूस गेला. शस्त्रक्रिया चुकली नव्हती. रबर हळूहळू रक्तांतील स्निग्ध पदार्थ शोषून घेत होतें. हृदयाचे वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक ठोके यंत्रावर वाजवून पाहतां येतील. पण वर्षानुवर्षें रक्तांत भिजत राहणें कोणतें यंत्र शिकविणार?

१९६५ च्या सुमारास रबर पक्कें करण्याची रीत सुधारली व हा दोष बहुतांशीं गेला. हें साधलें, कारण रोगी घरीं गेल्यावरही डॉ. स्टार यांनीं वर्षानुवर्षें त्यांची खबर ठेविली आणि अपयशेंही नोंदलीं.

आजही प्राण्यांच्या पेशीजालापासून केलेल्या झडपांत कालांतरानें कॅल्शियम सांठून त्या ताठतात. तरुणांत तर लवकरच. म्हणून ज्यांच्या घरीं असा रोगी असेल, त्यांनीं ‘आतां बरें आहे’ म्हणून तपासणी टाळूं नये. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हा महिन्याभराचा निकाल. वीस वर्षांचा अजून लागावयाचा असतो.